पित्ताशयाचं ऑपरेशन आणि सर्जनचा आधीचा सराव : पैसे कशाचे, किती आणि कोणी द्यायचे

पित्ताशयातल्या खड्यांसाठी दुर्बिणीतून ऑपरेशन करायचं ठरलं की हॉस्पिटलच्या काउंटरवरून एक कागद हातात पडतो. त्याला सगळे एस्टिमेट म्हणतात. रूमचं भाडं, ओटी चार्जेस, सर्जनची फी, भूलतज्ज्ञांची फी, असिस्टंटची फी, ट्रोकार-क्लिपांसारखं सामान, औषधं, तपासण्या असं सगळं त्यावर मांडलेलं असतं. महाराष्ट्रात जिल्ह्याच्या गावच्या साध्या नर्सिंग होममध्ये हा आकडा साधारण पन्नास-साठ हजारांपासून सुरू होतो. मुंबई-पुण्याच्या मोठ्या कॉर्पोरेट हॉस्पिटलांत तो दीड-दोन लाखांपर्यंत, कधी त्याच्याही वर जातो. पेशंटच्या जिवाशी सगळ्यात जास्त निगडित असलेली गोष्ट मात्र त्या कागदावर कुठेच नसते. ज्या हातांत उपकरणं असणार आहेत, त्या हातांनी आधी सराव कुठे केला आणि तो कोणी तपासला?

या सरावासाठी आता व्हर्च्युअल रिॲलिटीची (व्हीआर) यंत्रं आली आहेत. मेडिकल कॉलेजं त्यांचे फोटो माहितीपत्रकात छापतात, खाजगी ट्रेनिंग सेंटरं त्यांच्या नावावर कोर्सची फी ठरवतात आणि काही हॉस्पिटलं पेशंटपुढेही त्यांचा उल्लेख करतात. म्हणजे कोणीतरी या यंत्राचे पैसे भरतंच आहे. एमएस किंवा डीएनबी करणारा तरुण डॉक्टर आणि त्याचे आईवडील फीतून भरतात, ट्रस्टचं हॉस्पिटल देणग्यांतून भरतं, सरकारी कॉलेज आपल्या सर्वांच्या करातून भरतं. त्या पैशात नेमकं काय मिळतं आणि काय मिळत नाही, ते इथे पाहू.

यंत्र कसलं आहे, हे आधी विचारा

व्हर्च्युअल रिॲलिटी या एका नावाखाली दोन अगदी वेगळ्या वस्तू विकल्या जातात. पहिल्या प्रकारात टेबलावर ऑपरेशनच्या उपकरणांसारखी दोन हँडलं बसवलेली असतात, समोर स्क्रीन आणि पायाशी कॉटरीचं, म्हणजे विजेने ऊती जाळून कापणाऱ्या उपकरणाचं, पेडल. हँडल हलवलं की स्क्रीनवरच्या कृत्रिम पोटात उपकरणाचं टोक हलतं. स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या सर्जिकल सायन्स कंपनीचं लॅपसिम हे या प्रकारातलं जुनं नाव. लॅप मेंटर हे दुसरं. ते बनवणारी सिम्बायोनिक्स कंपनी २०२१ मध्ये सर्जिकल सायन्सनेच विकत घेतली. दुसऱ्या प्रकारात डोळ्यांवर हेडसेट चढवायचा आणि दोन्ही हातांत कंट्रोलर धरायचे. आजूबाजूला सगळी ओटी उभी राहते आणि ऑपरेशनच्या पायऱ्या एकामागून एक कराव्या लागतात.

किमतीत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्या प्रकारचं यंत्र पित्ताशयाच्या ऑपरेशनच्या सॉफ्टवेअरसकट आणि हाताला ऊतींचा दाब जाणवून देणाऱ्या हँडलांसकट घेतलं तर साधारण पन्नास लाखांपासून एक कोटीपर्यंत जातं. हेडसेट पन्नास हजारांच्या आसपास मिळतो, सॉफ्टवेअरची वार्षिक वर्गणी वेगळी. हेडसेट निरुपयोगी आहे असं नाही. पायऱ्यांचा क्रम, ओटीतली मांडणी, नर्सकडून कोणतं उपकरण केव्हा मागायचं, हे त्यावर चांगलं शिकता येतं. पण लांब दांड्याच्या उपकरणाने नाजूक पापुद्रा ओढण्याची हाताची सवय त्यातून लागत नाही. पित्ताशयाच्या बाबतीत जे नावाजलेले अभ्यास झाले ते पहिल्या प्रकारच्या यंत्रांवर झाले. हेडसेट विकणारा माणूस त्या अभ्यासांचे आकडे दाखवू लागला तर तिथेच थांबवून विचारावं की हे आकडे कोणत्या यंत्राचे आहेत.

मुळात हाताला वेगळा सराव का लागतो? पोटाच्या भिंतीतल्या भोकातून आत गेलेलं उपकरण त्या भोकाशी टेकून फिरतं. हात डावीकडे नेला की आतलं टोक उजवीकडे जातं, हात वर केला की टोक खाली. शिवाय बघायचं सपाट स्क्रीनवर, त्यामुळे खोलीचा अंदाज मेंदूने बांधायचा. उघड्या पोटाच्या ऑपरेशनांत मुरलेला सर्जनही इथे सुरुवातीला चाचपडतो. जर्मनीत ब्योब्लिंगेनला एरिष म्यूह यांनी १२ सप्टेंबर १९८५ रोजी दुर्बिणीतून पहिलं पित्ताशय काढलं. भारतात १९९० मध्ये मुंबईत डॉ. तेहमटन उदवाडिया यांनी हे ऑपरेशन सुरू केलं. त्या पहिल्या लाटेतल्या सर्जनांना शिकायला यंत्रं नव्हती. जगभर त्या काळात पित्तनलिकेच्या इजा वाढल्या आणि तिथूनच सरावाचा प्रश्न ऐरणीवर आला.

येलमध्ये काय सापडलं

या विषयातला सगळ्यात गाजलेला प्रयोग अमेरिकेतल्या येल विद्यापीठात झाला आणि २००२ मध्ये छापून आला. १६ रेसिडेंट, म्हणजे शिकाऊ सर्जन, घेतले, चिठ्ठ्यांसारख्या पद्धतीने त्यांचे दोन गट पाडले. एका गटाला नेहमीचं शिक्षण, दुसऱ्याला त्याशिवाय यंत्रावरचा सराव. मग दोन्ही गटांनी खऱ्या पेशंटचं पित्ताशय यकृतापासून सोडवण्याचा टप्पा केला. त्याचे व्हिडिओ तपासणाऱ्यांना कोण कुठल्या गटातला हे माहीत नव्हतं. सराव केलेल्यांनी हा टप्पा २९ टक्के लवकर संपवला. चुका मोजल्या तेव्हा सराव केलेल्या गटात एका ऑपरेशनमागे सरासरी १.१९ आणि दुसऱ्या गटात ७.३८ भरल्या. पित्ताशय फाटणं किंवा भलत्याच जागी कॉटरीचा चटका बसणं हे सराव न केलेल्यांत पाच पट होतं.

हे आकडे माहितीपत्रकांत हमखास असतात. त्यामागची एक गोष्ट मात्र फारशी कोणी सांगत नाही. येलमध्ये वापरलेल्या मिस्ट-व्हीआर या यंत्रात पित्ताशय नव्हतंच. यकृत नाही, रक्त नाही. स्क्रीनवर साधे गोळे आणि चौकोनी पेट्या, आणि काम एवढंच की एका हाताने गोळा पकडायचा आणि दुसऱ्या हाताने नेमक्या जागी कॉटरी लावायची. आजच्या यंत्रांपुढे ती चित्रं फारच ओबडधोबड वाटतील. मग फरक कशाने पडला? अनुभवी सर्जनांकडून तीच कामं आधी करून घेतली, त्यांचे आकडे हा मापदंड ठरवला, आणि प्रत्येक रेसिडेंटला त्या मापदंडाला पोचेपर्यंत सराव करायला लावला. कोणाला किती वेळ लागला याला महत्त्व नव्हतं.

स्वीडनमधल्या अनुभवातून हेच दुसऱ्या बाजूने दिसतं. २००२ मध्ये तिथल्या एका गटाने वैद्यकीय विद्यार्थ्यांना मिस्टवर ठराविक तास सराव दिला आणि मग डुकरावर अपेंडिक्सचं ऑपरेशन करायला लावलं. फरक दिसला नाही. २००७ मध्ये त्याच संशोधकांच्या पुढाकाराने दुसरा अभ्यास झाला. या वेळी लॅपसिम होतं आणि तज्ज्ञांच्या पातळीला पोचल्याशिवाय सोडायचं नाही अशी अट होती. रेसिडेंटच्या आयुष्यातली पित्ताशयाची पहिली दहा ऑपरेशनं तपासली, तेव्हा सराव न केलेल्यांनी तिप्पट चुका केल्या आणि ५८ टक्के जास्त वेळ घेतला. यंत्रही बदललं होतं हे खरं, पण माझ्या मते निर्णायक होती ती अट. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये वीस दिवस गाडी चालवली म्हणून लायसन्स हातात ठेवत नाहीत, चाचणी द्यावी लागते. इथेही तसंच असायला हवं, आणि नेमकं तेच बहुतेक कोर्सांत गायब असतं.

एक मर्यादाही सांगायला हवी. २०१३ च्या कोक्रेन समीक्षेत अशा आठ चाचण्या आणि १०९ शिकाऊ सर्जन एकत्र मोजले गेले. ऑपरेशनचा वेळ दहा-बारा मिनिटांनी कमी होतो आणि काम सुधारतं असं निघालं, पण पेशंटच्या गुंतागुंती किती कमी झाल्या हे सांगण्याइतकी माहिती त्या चाचण्यांत नव्हती. त्यामुळे ‘आमच्याकडे व्हीआर आहे म्हणून इथे ऑपरेशन सुरक्षित’ असं कोणी छातीठोक सांगत असेल तर तो दावा पुराव्याच्या पुढे गेलेला आहे.

हाताने होणारी चूक आणि डोळ्याने होणारी चूक

पित्ताशयाच्या ऑपरेशनमध्ये सगळे सर्जन धसका घेतात तो मुख्य पित्तनलिका कापली जाण्याचा. प्रमाण कमी आहे, वेगवेगळ्या पाहण्यांत साधारण हजारी एक ते पाच. पण ज्याच्या वाट्याला येतं त्याचं वर्ष-दोन वर्षांचं आयुष्य उधळून जातं. नळी आतड्याला जोडण्याचं मोठं ऑपरेशन, स्टेंट, वारंवार ताप, पुन्हा पुन्हा भरती. मूळ ऑपरेशनच्या कित्येक पट खर्च तिथे होतो.

ही इजा हात अडाणी असल्यामुळे होते असं आपल्याला वाटेल. २००३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या लॉरेन्स वे आणि सहकाऱ्यांनी अशा २५२ इजा तपासल्या. त्यांतल्या ९७ टक्क्यांत मूळ कारण होतं दृष्टिभ्रम. सर्जनला समोर दिसणारी मुख्य नलिका ही पित्ताशयाची छोटी नळी आहे असं खात्रीने वाटलं, आणि त्याने ती सफाईने कापली. हाताच्या कौशल्यातली उणीव फक्त ३ टक्क्यांत होती. गोळे पकडण्याचा कितीही सराव केला तरी या भ्रमावर तो इलाज नाही.

त्यावरचा इलाज वेगळा आहे. अमेरिकी सर्जन स्टीव्हन स्ट्रासबर्ग यांनी १९९५ मध्ये त्याची अट मांडली, आणि जगभरचे सर्जन तिला क्रिटिकल व्ह्यू म्हणतात. पित्ताशय, यकृत आणि नलिका यांच्यामधला त्रिकोण चरबी आणि चिवट पापुद्र्यांपासून पूर्ण साफ व्हायला हवा. पित्ताशयाचा खालचा एक तृतीयांश भाग यकृतापासून सुटलेला दिसायला हवा. आणि पित्ताशयाकडे जाणाऱ्या दोनच रचना दिसायला हव्यात, एक नळी आणि एक धमनी. हे तिन्ही दिसल्याशिवाय क्लिप लावायची नाही. सूज जास्त असेल आणि ते दिसतच नसेल तर सीनियरला बोलवायचं, पित्ताशयाचा काही भाग मागे ठेवायचा, किंवा पोट उघडायचं. हे शिकायला कोटीचं यंत्र लागत नाही. खऱ्या ऑपरेशनांचे व्हिडिओ थांबवून थांबवून बघणं, शिक्षकासमोर ‘इथे कापशील का, आणि का?’ या प्रश्नाचं उत्तर देणं, आणि थांबण्याची लाज न वाटणं लागतं. २०१८ ची टोकियो मार्गदर्शक तत्त्वं, ज्यांत सुरक्षित ऑपरेशनच्या पायऱ्या दिल्या आहेत, ती इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतात.

पेशंट आणि नातेवाइकांनी काय विचारावं

बिलात व्हीआर नावाची वेगळी रक्कम दिसली तर ती कशाची आहे हे लेखी मागा. सर्जनचं प्रशिक्षण हा हॉस्पिटलचा खर्च आहे, पेशंटच्या माथी मारायचा नाही. नेहमीच्या पित्ताशयासाठी पेशंटच्या सीटी-एमआरआयवरून खास थ्रीडी प्रतिमा तयार करण्याचीही गरज नसते. ‘लेझरने काढतो’ असं सांगितलं जातं तेही तपासून घ्या. हे ऑपरेशन साध्या हुक कॉटरीने उत्तम होतं. हार्मोनिकसारखं महागडं उपकरण वापरणार असतील तर का आणि त्याचे किती, हे आधी कळायला हवं.

एस्टिमेट घेताना आणखी एक ओळ मागून घ्यावी : दुर्बिणीतून जमलं नाही आणि पोट उघडावं लागलं तर खर्च किती वाढेल? ही शक्यता आधी मोजलेली असली की ओटीच्या दाराशी घालमेल होत नाही. पोट उघडण्याचा निर्णय हा सर्जनचा पराभव नाही, आणि नातेवाइकांनीही तो तसा घेऊ नये. काढलेलं पित्ताशय बायोप्सीला पाठवण्याचा खर्च एस्टिमेटमध्ये आहे का तेही बघा. तो वगळून बिल कमी करू नका.

सर्जनशी बोलताना भीड बाळगू नका. ऑपरेशन स्वतः कोण करणार, शिकाऊ डॉक्टर करणार असतील तर सीनियर ओटीत हातमोजे चढवून उभे असतील की फोनवर, हे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे. ‘सर, क्रिटिकल व्ह्यूचा फोटो घेता का? व्हिडिओ ठेवता का?’ एवढं विचारलं तरी पुरे. नीट काम करणाऱ्या सर्जनला या प्रश्नाचा राग येत नाही, उलट तो स्क्रीनवर दाखवतो. शिकवणाऱ्या हॉस्पिटलला घाबरण्याचंही कारण नाही. जिथे रेसिडेंट मापदंड गाठून मगच पेशंटपर्यंत पोचतो आणि शेजारी अनुभवी सर उभे असतात, ती जागा एकट्याने धडपडणाऱ्या हातांपेक्षा चांगलीच.

पैशाची सोय आधी तपासा. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. आपलं ऑपरेशन कोणत्या पॅकेजमध्ये आणि कोणत्या हॉस्पिटलात बसतं हे हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राकडून भरतीच्या आधी समजून घ्यावं. खाजगी विमा असेल तर बहुतेक पॉलिसींत पित्ताशयाच्या खड्यांसाठी पहिली दोन वर्षं दावा चालत नाही. खोलीचं भाडं दिवसाला ५,००० रुपयांच्या वर गेलं की आयसीयू सोडून त्यावर ५ टक्के जीएसटी लागतो. २०२१ मध्ये सुधारलेल्या शुश्रूषागृह नोंदणी नियमांनुसार ठरावीक सेवांचे दर आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणं महाराष्ट्रात बंधनकारक आहे. दिसली नाही तर मागा. आणि खडे सोनोग्राफीत योगायोगाने सापडले असतील, त्रास काहीच नसेल, तर ऑपरेशन लागतंच का, यावर दुसऱ्या सर्जनचं मत घ्या. बहुतेक वेळा लागत नाही.

तरुण सर्जनसाठी : फी भरण्याआधी

दोन-तीन दिवसांचा दुर्बिणीच्या ऑपरेशनांचा प्राथमिक कोर्स आज साधारण वीस ते चाळीस हजारांत होतो. काही आठवड्यांच्या फेलोशिपला लाखाच्या वर मोजावे लागतात. त्यात राहणं, जेवण, प्रवास आणि रजेचे दिवस धरा. माहितीपत्रकात यंत्राचा मोठा फोटो असतो. फोनवर विचारायचे प्रश्न पुढचे. एका यंत्रामागे किती जण? माझ्या हातात हँडल एकूण किती वेळ येणार? तीस जणांत एक यंत्र आणि दोन दिवस असतील तर तुमच्या वाट्याला वीस मिनिटंही नीट येणार नाहीत. मापदंड आहे का, तो कोणी ठरवला, आणि मी तो गाठला नाही तर पुन्हा येऊन सराव करता येईल का, त्याचे वेगळे पैसे का? सर्टिफिकेट हजेरीचं मिळणार की चाचणीचं?

यंत्र प्रत्येक प्रयत्नानंतर एक तक्ता देतं, आणि खरी शिकवणी त्या तक्त्यावर होते. त्यात वेळ असतो, उजव्या आणि डाव्या हाताच्या टोकाने कापलेलं अंतर असतं, क्लिप सुटल्याची, ऊती ताणल्याची, कॉटरी नुसतीच हवेत चालू ठेवल्याची नोंद असते. नवखा रेसिडेंट हटकून फक्त वेळ बघतो. डाव्या हाताचं अंतर उजव्यापेक्षा दुप्पट आलं असेल तर शिक्षकाने तिथे बोट ठेवायला हवं : डावा हात पित्ताशय ताणून स्थिर धरत नाही, नुसताच भटकतो आहे. पित्ताशयाच्या ऑपरेशनमध्ये हा ताणच तर त्रिकोण उघडा करून दाखवतो. तक्ता वाचून असं सांगणारं माणूस शेजारी नसेल तर ते यंत्र म्हणजे महागडा व्हिडिओ गेम होतो. कोर्समध्ये शिक्षक कोण आणि ते यंत्राशेजारी किती वेळ असतील, हे म्हणूनच फीच्या आकड्याइतकंच महत्त्वाचं.

पैसे कमी असतील तर बॉक्स ट्रेनर, म्हणजे आत कॅमेरा असलेली आणि भोकांतून खरी उपकरणं घालायची साधी पेटी, घ्या, आणि त्यात कमीपणा मानू नका. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या संशोधकांनी २००४ मध्ये नवख्यांवर लॅपसिम आणि साधा बॉक्स यांची तुलना केली, तेव्हा शिकण्यात फारसा फरक आढळला नाही. अमेरिकेत सर्जरीच्या बोर्ड परीक्षेसाठी जी एफएलएस चाचणी सक्तीची आहे, तिची हातांची परीक्षा बॉक्सवरच होते. त्यात पाच कामं असतात : खुंट्यांवरच्या वस्तू या हातातून त्या हातात घेऊन हलवणं, गोल रेघेवर कापड कापणं, दोऱ्याचा फास बसवणं, आणि आतून-बाहेरून दोन प्रकारच्या गाठी. भारतीय बनावटीचे बॉक्स दहा हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत मिळतात. प्लास्टिकच्या क्रेटला भोकं पाडून, आत एलईडी पट्टी आणि वेबकॅम लावून, हॉस्पिटलने बाद केलेलं ग्रास्पर आणि नीडल होल्डर मागून घेतलं तर चार-पाच हजारांत होस्टेलच्या खोलीत सराव सुरू होतो. चणे एका वाटीतून दुसरीत टाकणं, द्राक्षाची साल सोलणं, कोंबडीच्या तंगडीच्या कातडीवर टाके घालणं, हे सराव रेसिडेंट वर्षानुवर्षं करत आले आहेत. एफएलएसमध्ये जसे वेळ आणि चुकांचे आकडे ठरलेले असतात, तसा मापदंड इथेही लावता येतो, आणि तो लावलाच पाहिजे. सीनियरने केलेला वेळ वहीत लिहा आणि तो सलग दोनदा गाठेपर्यंत थांबू नका.

पित्ताशय सोडवण्याचा हात बसवायचा तर बकऱ्याच्या कलेजीला तोड नाही. खाटकाला आदल्या दिवशी सांगून ठेवावं लागतं, कारण पित्त सांडून कलेजी कडू होऊ नये म्हणून तो पित्ताशय सगळ्यात आधी कापून टाकतो. ‘पित्ताशय राहू द्या, नळीसकट द्या’ असं स्पष्ट सांगा. काही शे रुपयांत काम होतं. बॉक्समध्ये ती ताटलीवर ठेवली, खाली कॉटरीची प्लेट लावली की हुकने पापुद्रा उचलून सोडवण्याचा सराव होतो, आणि जरा जास्त खोल गेलात की हिरवं पित्त पसरून चूक तिथल्या तिथे दाखवतं. कॉटरीचा धूर होतो आणि उरलेलं मांस कुजतं, म्हणून हे वेट लॅबमध्येच (प्राण्यांच्या ऊतींवर सराव करण्याच्या प्रयोगशाळेत) करा, आणि पेशंटची उपकरणं त्याला कधीही वापरू नका.

सरावाची वेळही जुळायला हवी. पोस्टिंगच्या सहा महिने आधी केलेला कोर्स हातातून बराचसा निघून जातो. पहिली ऑपरेशनं हाताशी येण्याच्या आधीच्या आठवड्यांत सराव ठेवा. लंडनमधल्या एका छोट्या अभ्यासात, जो २०१० मध्ये छापला, ऑपरेशनच्या अगदी आधी यंत्रावर १५ मिनिटं हात मोकळे केल्यावर पित्ताशयाच्या ऑपरेशनातलं काम सुधारलेलं दिसलं. अभ्यास लहान आहे, पण असे हात मोकळे करायला पैसे पडत नाहीत. ओटीशेजारी साधा बॉक्स ठेवला तरी हे करून बघता येतं.

कॉलेज आणि हॉस्पिटल चालवणाऱ्यांसाठी

हिशेब मांडून बघा. समजा आयात शुल्क आणि करांसकट यंत्र ७० लाखांना पडलं आणि सात वर्षं चाललं. वर्षाचे १० लाख झाले. देखभालीचा करार किमतीच्या दहा टक्के धरला तर आणखी ७ लाख. तंत्रज्ञ, वातानुकूलित खोली, वीज यांचे ५ लाख. एकूण वर्षाला २२ लाख. तुमच्याकडे २० रेसिडेंट असतील आणि प्रत्येकाला मापदंड गाठायला १२ तास लागले तर यंत्र वर्षात २४० तास चालेल, म्हणजे तासाला नऊ हजारांहून जास्त. तेच यंत्र वर्षात ३०० दिवस, रोज पाच तास चाललं तर तास दीड हजारांच्या आत येतो. एका कॉलेजला तेवढे विद्यार्थी नसतात. म्हणून शेजारच्या तीन-चार जिल्ह्यांतल्या कॉलेजांनी मिळून एक यंत्र घ्यावं, डीएनबी चालवणाऱ्या ट्रस्ट हॉस्पिटलांनाही त्यात वाटा द्यावा, आणि प्रत्येकाने स्वतःकडे दहा-दहा बॉक्स ठेवावेत, ही वाटणी मला सगळ्यात पटते. दहा चांगल्या बॉक्सचे अडीच लाख होतात.

सराव न करता थेट ओटीत शिकवणंही फुकट नसतं. टेनेसी विद्यापीठात १९९९ मध्ये हिशेब केला, तेव्हा शिकवण्यामुळे ऑपरेशनांना लागलेल्या जादा वेळाचा खर्च एका रेसिडेंटमागे त्याच्या प्रशिक्षणकाळात ४७,९७० डॉलर निघाला होता. आपल्याकडे ओटीचा मिनिटाचा दर वेगळा असेल, पण वेटिंग लिस्टमध्ये ताटकळणाऱ्या पेशंटच्या रूपाने तो खर्च आपणही भरतोच.

खरेदीच्या आधी डेमो स्वतःच्या रेसिडेंटवर घ्या. कंपनीचा माणूस सराईतपणे करून दाखवतो, त्यातून काही कळत नाही. तुमच्या लेक्चरर-प्रोफेसरांना तीच कामं करायला लावा आणि त्यांचे आकडे नवख्यांच्या आकड्यांपेक्षा ठळकपणे चांगले येतात का बघा. येत नसतील तर ते यंत्र कौशल्य मोजत नाही. पित्ताशयाचं मोड्यूल मूळ किमतीत आहे की वेगळ्या लायसन्सवर, मापदंड आपल्याला बदलता येतात का, विद्यार्थ्यांचे तक्ते कंपनी बदलली तरी आपल्याकडे राहतात का, हँडल बिघडलं तर सुटा भाग किती दिवसांत येतो, आणि करार संपल्यावर देखभालीचा दर काय, हे निविदेतच लिहून घ्या. सात वर्षांचा दर आज ठरला नाही तर तिसऱ्या वर्षी यंत्र कापडाखाली झाकलेलं राहतं.

सगळ्यात मोठा खर्च मात्र यंत्राच्या निविदेत नसतोच. तो आहे शिक्षकाच्या वेळाचा. आठवड्यातल्या दोन दुपारी एक लेक्चरर ओपीडी आणि ओटीतून मोकळा करून वेळापत्रकात त्याचं नाव यंत्राशेजारी लिहावं लागेल, आणि इमर्जन्सी ड्यूटीवरून आलेल्या रेसिडेंटलाही त्या वेळेपुरतं कोणी वॉर्डात ओढणार नाही अशी युनिट हेडची लेखी सूचना लागेल. शक्य असेल तर पुरवठादाराचा शेवटचा हप्ता रोखून ठेवा, आणि पहिल्या सहा महिन्यांच्या नोंदी तपासून, पहिल्या वर्षाच्या प्रत्येक रेसिडेंटच्या नावापुढे मापदंड गाठल्याची तारीख आणि शिक्षकाची सही दिसली की मगच तो सोडा.